भाऊजींना डोंगरावर बसवून आले

ताई परत आली तेव्हापासून आमच्या घरात कुणी भांड्यांचा आवाज करत नसे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधलं आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीपुढे हातभर जागा, जिथे आईने अंबाडी आणि वांगी लावली होती. एरवी त्या घरात आवाजाची कमी नव्हती. प्लांटचा भोंगा वाजला की बाबा सायकल काढत, मरोद्याकडून येणारी खनिजाची मालगाडी घराच्या खिडक्या थरथरवत जाई, आई तव्यावर भाकर थापताना रेडिओशी स्पर्धा केल्यासारखी बोलत राही. पण होळीनंतर एका दुपारी शालूताई एक बॅग घेऊन रिक्षातून उतरली आणि त्यानंतर रेडिओसुद्धा हळू झाला. ती पडवीत बसून अंबाडीची पानं खुडत असे. पानं संपली की देठ मोडत बसे. आई वांगं-सुकट करी, कारण ताईला लहानपणापासून ते आवडायचं, आणि ताई दोन घास खाऊन ताट बाजूला सारत असे. बाबा प्लांटच्या कोक ओव्हन भट्ट्यांवरून काळे होऊन येत, आंघोळ करत, आणि ताई ज्या खोलीत असेल तिच्या दाराशी क्षणभर उभे राहून दुसऱ्या खोलीत जात.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ताई आणि मी एकाच गादीवर झोपत असू, म्हणून जे आईबाबांना माहीत नव्हतं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिचा नवरा विलास, आमचे भाऊजी, प्लांटमध्येच होते, हुडको कॉलनीत राहत. त्यांना डोंगर चढण्याचा भारी नाद. सुट्टी आली की मित्रमंडळी गोळा करायची आणि कवर्ध्याच्या पुढे मैकलच्या रांगेत कुठेतरी निघायचं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनी ताईलाही नेलं, झिरियाडोंगरावर. तिला तिसरा महिना होता. हे भाऊजींना ठाऊक होतं, बाकी कुणाला सांगितलेलं नव्हतं. अर्ध्या वाटेत तिला चक्कर आली. भाऊजींनी तिला एका दगडावर बसवलं, म्हणाले, थांब इथं, वर जाऊन येतो. पाण्याची बाटली त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत होती, ती तशीच वर गेली. येताना मंडळी मागच्या उतरणीने खाली आली, जेवली, पत्ते खेळली. ताई दगडावरच होती. दिवस उतरायला लागल्यावर पायथ्याच्या गावातली एक बाई मोळी घेऊन तिकडून जात होती, तिने ताईला हाताला धरून खाली आणलं. दोन दिवसांनी पोटातलं गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालण्याने असं होत नाही, हे व्हायचं असलं की होतं. ते खरंच असेल. ताईला तेवढ्यासाठी परत यायचं नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यावर भाऊजी तिला म्हणाले होते, "तुले साधं चालता येत नाही, पोर काय सांभाळशील?" त्यासाठी ती परत आली.

हे सगळं आमच्या मोठ्या माणसांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी पोरगी रुसून आली होती. बुद्धविहारातल्या मंडळींमध्ये मेश्रामकाका हे वडीलधारे, बाबांचेही साहेब होऊन गेलेले आणि भाऊजींचेही. त्यांनी दोन्ही घरांत बसून समेट घडवायचं ठरवलं होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते भाऊजींना घेऊन आमच्याकडे जेवायला आले. भाऊजींनी पेढे आणले होते. ताई आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं. आईने पाटवड्यांचा रस्सा केला होता आणि भाऊजी मिटक्या मारत जेवत होते. मेश्रामकाकांनी विषय हलका करायला डोंगराचं काढलं.

"आता जाऊन राह्यलो आमी पुन्हा, पुढच्या सुट्टीत," भाऊजी म्हणाले. "शालूलेबी पाठवा. मोकळी हवा लागन. मागच्या टाइमाले तर तिनं कमालच केली. अर्ध्या डोंगरात बसली न निवांत हवा खात राह्यली. आमी वर जाऊन आलो, खाली येऊन जेवलो, तरी बाई तितंच. आमाले वाटलं, येईन मागून."

मेश्रामकाका हसले. बाबाही हसले, कारण जावयाच्या गोष्टीला सासऱ्याने हसायचं असतं. मी पाणी वाढत होते. लोटलेल्या दारामागे ताई हे ऐकते आहे हे मला माहीत होतं, आणि भाऊजींनाही माहीत होतं, कारण सांगताना त्यांनी आवाज चढवला होता. माझ्या हातातला तांब्या मी नीट खाली ठेवला. आजही मला आठवतं ते हे, की मला रडू आलं नाही. आत काहीतरी शांतपणे जागेवर बसलं.

"ताई नाही येणार," मी म्हणाले. "मी येते भाऊजी. मले न्या."

मेश्रामकाकांना फार बरं वाटलं. मेहुणी चालली म्हणजे घर नरम आलं असा त्यांनी अर्थ घेतला. रात्री ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कावून चालली तू?" मी म्हणाले, पाहायला. सकाळी तिचे कॅनव्हासचे बूट माझ्या चपलांशेजारी ठेवलेले होते.

मी काय करणार होते? आता इतक्या वर्षांनी मोठं योजून गेले होते असं म्हणायला बरं वाटेल, पण माझ्या डोक्यात पोरकट गोष्टी होत्या. त्यांचा बूट दरीत फेकावा. त्यांच्या डब्यात मूठभर लाल मुंग्या सोडाव्या. सगळ्यांसमोर काहीतरी बोलावं की त्यांना घास गिळता येऊ नये. भिलाई सपाट. मी आयुष्यात चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे कॉलेजची गच्ची. डोंगर म्हणजे काय, याची मला कल्पनाच नव्हती.

पहाटे तीनलाच हुडकोतून जीप निघाली. भाऊजी, मेश्रामकाका, मेश्रामकाकू, भाऊजींच्या खात्यातले दोघे आणि मी. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ठेचा बांधून दिला होता, भाऊजींसाठी वेगळा डबा. कवर्धा सोडल्यावर शेतं संपली आणि सालाची झाडं सुरू झाली. रस्ता संपतो तिथे दहाबारा घरांचं गाव होतं. पहिल्याच अंगणात एक पन्नाशीची बाई, हातभर गोंदलेली, सुपात कोदोचं धान्य पाखडत होती. जीप थांबली तशी तिने सूप थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. भाऊजी पुढे गेल्यावर ती जवळ आली आणि हळूच छत्तीसगढीत म्हणाली, "तोर मुंह ओखरे असन हे, नोनी." तुझा चेहरा तिच्यासारखाच आहे, पोरी. ताईला खाली आणणारी बाई तीच होती. तिचं नाव समारिन.

सात वाजता चढायला लागलो. सुरुवातीला गवत कंबरेएवढं, वाळलेलं, आणि त्याची कुसळं सलवारीतून सरळ पायात शिरायची. मग बांबू. बांबूच्या बेटात वारा शिरत नाही, दमट उकाडा मात्र शिरतो. अर्ध्या तासात माझा कुर्ता पाठीला चिकटला. ताईचे बूट मला मोठे होते, टाचा आत घासत होत्या, आणि पहिल्या तासाच्या शेवटी डाव्या टाचेचं कातडं सोललं गेल्याचं मला ओल्या मोज्यावरून कळलं. छाती भात्यासारखी चालली होती. पाण्याची बाटली मी भसाभसा पिऊन पहिल्या चढालाच संपवली, हेही नवशिक्याचंच लक्षण. भाऊजी मात्र पुढे पाखरासारखे चालले होते. मेश्रामकाकूंना हात देत होते, कुठे पाय ठेवायचा ते सांगत होते, कुणाला चारोळीचं झाड दाखवत होते. चांगले वागत होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं. हा माणूस चांगलं वागू शकत होता. म्हणजे ताईच्या वेळी ते त्याला जमलं नव्हतं असं नाही, त्याने ते केलं नव्हतं. दम लागून मी झाडाला टेकत होते, पण थांबले असते तर त्यांनी मलाही कुठेतरी बसवलं असतं. म्हणून मी थांबले नाही.

एका वळणावर ते माझी वाट बघत उभे होते. शेजारी काळा, पाठ सपाट असलेला दगड होता.

"हेच ते," ते म्हणाले. "तुझ्या ताईचं सिंहासन."

बाकीचे पुढे गेले होते. मी म्हणाले, मी बसते जरा. दगडावर बसले. चारही बाजूंना बांबू. पुढची वाट दिसत नव्हती, मागची दिसत नव्हती. आभाळ ताटाएवढं. एक पान हलत नव्हतं. घामाने डोळे चुरचुरत होते आणि माशा डोळ्यांवर बसत होत्या. तिथे खायला हवाच नव्हती. त्या दगडावर माझी बहीण तहानलेली, पोटाशी हात धरून, हाका मारत बसली होती, आणि तिच्या हाका त्या बांबूतच जिरल्या असणार. मी उठले तेव्हा मला त्यांच्या बुटाचं किंवा डब्याचं काही करायची इच्छा उरली नव्हती. ते फार थोडं झालं असतं.

वर पोहोचलो. वर काय दिसतं ते मला सांगता येणार नाही, मी पाहिलं नाही. सगळे पुऱ्या खात असताना भाऊजी म्हणाले की मागच्या उतरणीवर एक कडा आहे, तिथून फोटो छान येतो, कोण येतं? कुणीच उठलं नाही. मी उठले. त्यांनी आपली पिशवी माझ्याकडे दिली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि इतरांना सांगितलं, आम्ही तिकडूनच खाली येतो, गावात भेटू.

पुढे जे झालं त्यात माझा हात नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. कड्याच्या थोडं अलीकडे उतारावर वाळकं गवत पसरलेलं होतं, त्यावरून त्यांचा पाय सटकला. दहाबारा हात घसरत गेले आणि एका झाडाच्या बुंध्याला अडकले. मी बसत बसत खाली गेले. त्यांचा उजवा पाय घोट्यापाशी भलतीकडे वळला होता. टेकवून पाहिला, ओरडले. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. कॅमेऱ्याची काच फुटली होती.

"उत्पला, ऐक," ते म्हणाले. "ही पायवाट सरळ गावात जाते. तासाभराची वाट आहे. गावातून माणसं घेऊन ये. खाट आणा म्हणावं."

"हो."

"अन् पाणी दे मले. पिशवीत आहे बाटली."

मी पिशवी खांद्याला लावली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्यांना समजलं, कारण ते दुसऱ्यांदा पाणी म्हणाले नाहीत. माझं नाव घेतलं फक्त.

"बसा इथं भाऊजी," मी म्हणाले. "जाऊन येते."

उतरताना त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. आधी नाव, मग शिव्या, मग पुन्हा नाव. पहिल्या वळणानंतर काहीच ऐकू आलं नाही. माझी टाच जळत होती, दोनदा मी पडले, तरी मी इतकी हलकी आयुष्यात कधी चालले नाही. हे लिहायला नको असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे. पण मग बाकीचं तरी कशाला लिहायचं?

गावात पोहोचले. थोड्या वेळाने बाकीची मंडळी पुढच्या वाटेने उतरली. "विलास कुठं हाय?" मेश्रामकाकांनी विचारलं. मी म्हणाले, "मागून येऊन राह्यले. फोटो काढून राह्यले." कुणाला नवल वाटलं नाही, त्यांचा तो नाद सगळ्यांना माहीत होता. चटई अंथरली, डबे उघडले. जेवण झाल्यावर काका आडवे झाले, बाकीच्यांनी पत्ते काढले. मी समारिनच्या अंगणात जाऊन बसले. तिने मला वाटीभर पेज दिली, पायाला कसला तरी पाला वाटून लावला आणि विचारलं, "तोर भांटो कहां हे?" तुझा भाऊजी कुठे आहे? मी डोंगराकडे बोट केलं. तिने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे, तिच्यातून वर आलेल्या भरलेल्या बाटलीकडे पाहिलं. ती समजली. पुन्हा कोदो पाखडू लागली.

मी सूर्याकडे बघत बसले होते. मनात मी त्यांची तहान मोजत होते. आता ओठ सुकले असतील. आता ओरडून घसा बसला असेल. आता पहिल्यांदा वाटलं असेल की कुणी येणारच नाही. दिवस उतरेपर्यंत बसायचं मी ठरवलं होतं. पण उन्हं कलली तशी समारिन सूप खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवी बसली. "ओ डहर म संझा भालू उतरथे, नोनी." त्या वाटेने संध्याकाळी अस्वल उतरतं.

मला दया आली असं कुणी समजू नये. मी विचार केला तो असा: हा माणूस मेला तर सगळे त्याच्यासाठी रडतील. मेश्रामकाका भाषण करतील. ताई पांढऱ्या कपाळाची आणि अपशकुनी ठरेल. मला तो जिवंत हवा होता, आणि लोकांसमोर हवा होता. मी उठून चटईपाशी गेले आणि सांगितलं, भाऊजींचा पाय मोडलाय, मागच्या उतरणीवर आहेत.

गावातल्या चौघांनी खाट नेली. त्यांना आणलं तेव्हा उजेड अजून होता. ओठ फुटले होते, गालावर माशा चावल्याच्या गांधी, डोळे लाल. समारिनने दिलेलं पाणी ते दोन्ही हातांनी धरून प्यायले. मग माझ्याकडे बोट केलं. आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"इले विचारा. इले मी तेव्हाच सांगतलं होतं माणसं आण म्हणून. माझं पाणीबी घेऊन गेली."

मेश्रामकाका माझ्याकडे वळले. "उत्पला, खरं हाय हे?"

"खरं हाय काका."

"कावून केलं असं?"

"मी काई केलं नाही," मी म्हणाले. "भाऊजी निवांत बसले होते, हवा खात. मले वाटलं, येतीन मागून."

मंडळीतल्या प्रत्येकाने ती गंमत भाऊजींच्या तोंडून ऐकली होती. काही जण हसलेही होते. आता कुणी हसलं नाही. मेश्रामकाकूंनी आधी माझ्याकडे, मग भाऊजींकडे पाहिलं. "शालूपाशीबी पाणी नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

उत्तर समारिनने दिलं. पानी नइ रिहिस, ती म्हणाली, पाणी नव्हतं, आणि आपल्या पोटावर हात ठेवून पुढे म्हणाली, "पेट म लइका रिहिस." पोटात लेकरू होतं. ताईने उतरताना तिला सांगितलं होतं, आम्हाला सांगायच्या कितीतरी आधी.

काकू खाटेजवळ गेल्या. "विलास, तुले माईत होतं?"

भाऊजी आपल्या सुजलेल्या पायाकडे बघत राहिले. काकूंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग त्या जीपमध्ये जाऊन पुढच्या सीटवर बसल्या. मेश्रामकाकांनी वाटेत मला ऐकवलं, की पोरीच्या जातीने इतकं निर्दय असू नये. मी ऐकून घेतलं. मागे भाऊजी प्रत्येक खड्ड्याला कण्हत होते आणि ड्रायव्हर एकही खड्डा चुकवत नव्हता.

त्यांचा पाय पूर्ण कधीच सुधारला नाही. डोंगर सुटले. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं, बदली घेतली, आता म्हणे नातवंडं आहेत. आता झिरियाडोंगरावर अर्ध्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, तरुण मंडळी काठ्या घेऊन, टोप्या घालून जातात, माझी मुलगीही जाऊन आली. मी रोज वंदनेला बसते. सगळे प्राणी सुखी होवोत असं म्हणते, आणि म्हणताना एका माणसापाशी माझी जीभ अडते. मी तिला ढकलत नाही. वयाबरोबर राग निवतो असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. मी वाट पाहिली, तसं झालं नाही.

त्या रात्री मी घरी आले तेव्हा आई शेजारी गेली होती, बाबा ड्यूटीवरून यायचे होते. ताई पडवीत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, दगडापासून खाटेपर्यंत. मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल. ती अंबाडीचे देठ मोडत राहिली. संपल्यावर तिने विचारलं, "किती वेळ होता तो तितं?"

"चार तास," मी म्हणाले. मला ते खूप वाटत होते.

ताईने मान हलवली.

"मी सात तास होती," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. अस्वलाचं सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि बाबा सायकल घेऊन आत आले, तोंडावर कोळशाची काजळी तशीच. ताई उठली. होळीनंतर पहिल्यांदा ती आपणहून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी परत जाणार नाही. मंडळीले तुमी सांगता का मी सांगू?"

बाबांनी सायकल स्टँडवर लावली. कुठून, का, कसं, काही विचारलं नाही. हुडकोहून बातमी त्यांच्यापर्यंत प्लांटच्या गेटवरच पोहोचली होती आणि मंडळी विहारात जमली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या फडकं बांधलेल्या पायाकडे.

"तू सांग," ते म्हणाले. "सगळं सांग. मी बाजूले बसतो."

आणि तसेच, तोंडही न धुता, ते तिच्यासोबत विहाराकडे निघाले.